केसांचं पाकीट: पाच महिन्यांच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

नोकरी सुटून दोन महिने झाले. घरखर्चाची पाकिटं नव्याने भरली, त्यात केसांच्या वाट्याला सगळ्यात बारीक पाकीट आलं. पूर्वी पार्लरच्या एका फेरीत जेवढे पैसे जायचे, तेवढ्यात आता पाच-सहा महिने काढायचे आहेत. तरी केस चांगले दिसलेच पाहिजेत. मुलाखतींना जायचं आहे, आणि सकाळी आरशात बघून बरं वाटणं हीसुद्धा गरजच आहे.

आधी घरात काय आहे ते पाहिलं. बाथरूमच्या फळीवरून अकरा बाटल्या निघाल्या, त्यातल्या सात अर्ध्याअधिक भरलेल्या. म्हणजे निदान दोन महिने शाम्पू विकत घ्यायची गरज नाही.

मग केस मोजले. मुळापासून शेंड्यापर्यंत ४६ सेंमी. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे माझ्या शेंड्याचं वय साडेतीन वर्षांच्या आसपास. एवढ्या काळात त्याने शेकडो धुणी, उन्हाळे आणि केसांची इस्त्री सोसली. शिवाय दोन वर्षांपूर्वी एका पार्लरमध्ये केलेलं ब्लीच, जे ठरलेल्या वेळेपेक्षा बरंच जास्त वेळ डोक्यावर राहिलं होतं. एक केस चिमटीत धरून बोटं मुळाकडून खाली सरकवत नेली. साधारण २६ सेंमीपर्यंत गुळगुळीत, आणि तिथून पुढे एकदम खरखर. चोवीस महिन्यांचं गणित बरोबर तिथेच येऊन थांबलं.

हे हाताला कळल्यावर प्रकल्पाची दिशा ठरली. डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो, तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा असतो. त्याला ‘पोषण’ देऊन तो भरून येत नाही. चांगलं कापड जसं विरू नये म्हणून जपून वापरतो, तसाच तो वापरायचा. जिवंत असतं ते मूळ, आणि मुळाची काळजी हा वेगळा विषय. गेली कित्येक वर्षं मी विरलेल्या कापडावर पैसे ओतत होते.

१२ जानेवारी

शाम्पू मोजून घ्यायला लागले. पूर्वी तळहातावर अंदाजाने ओतायचे. आज तेवढाच ओतून चमच्याने मोजला तर जवळजवळ १० मिली भरला. आठवड्यातून चार वेळा धुणं, म्हणजे २०० मिलीची बाटली पाच आठवड्यांत संपणार. आता ५ मिली, तोही अर्धा मग पाण्यात आधी हलवून, आणि आठवड्यातून दोनदाच. तीच बाटली वीस आठवडे पुरायला हवी.

पातळ केलेला शाम्पू पटकन पसरतो, म्हणून कमी लागतो. तो फक्त टाळूला लावायचा. मळ आणि तेल तिथे असतं. फेस खाली वाहत जातो तेवढ्याने लांबी स्वच्छ होते. लांबीवर शाम्पू चोळणं म्हणजे जुन्या कापडाला ब्रश मारणं.

आठवड्यातून दोनदा हे माझ्या टाळूचं प्रमाण आहे. ज्यांची टाळू दुसऱ्याच दिवशी तेलकट होते, त्यांनी बचतीसाठी धुणं लांबवू नये. तेल साचलेल्या टाळूवर कोंडा बळावतो.

१९ जानेवारी

आजचा प्रयोग फसला. शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, “अगं, खायचा सोडा पाण्यात घालून धू, शाम्पूची गरजच नाही.” धुतलं. पहिल्या मिनिटाला केस इतके स्वच्छ वाटले की बोट फिरवलं तर कर्रकर्र आवाज. वाळल्यावर मात्र कंगवा शिरेना.

कारण साधं आहे. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले रचलेले असतात. टाळूचा सामू (पीएच) ५.५ च्या आसपास, केसाचा त्याहूनही कमी, आणि तेवढ्या आम्लतेत हे खवले दबून राहतात. सोड्याचं पाणी आठच्या वर जातं, म्हणजे अल्कधर्मी. त्यात केस फुगतो, खवले उचलले जातात आणि एकमेकांत अडकतात. अंगाच्या साबणाचंही तेच, त्याचा सामू नऊ-दहा. शिवाय क्षार जास्त असलेल्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो. शाम्पूतल्या सल्फेटांचा, म्हणजे मळ काढणाऱ्या घटकांचा, तसा साका होत नाही. काकूंचा हेतू चांगला होता, पण फुकटात मिळालेला हा उपाय मला महाग पडला. गुंता सोडवताना तुटलेले केस मोजले, चौतीस.

२८ जानेवारी

ताप. १०३ पर्यंत. केसांचं काही नाही.

२ फेब्रुवारी

ताप उतरला. पाच दिवस अंथरुणात काढल्यावर मागे गाठींचा गोळाच झाला होता. ताईने समोर बसवून शेंड्याकडून वर असा एकेक पदर मोकळा केला. “वरून ओढलंस की खालची गाठ आवळते,” ती म्हणाली. लहानपणापासून हेच सांगत आली आहे, आणि मी वरूनच ओढत आले.

गाठी सुटल्या त्या कंडिशनरमुळे. मी एवढ्यात जे काही शिकले त्यात सर्वांत उपयोगी गोष्ट हीच: पैसे कमी असतील तर ते शाम्पूत घालू नयेत, कंडिशनरमध्ये घालावेत. खराब झालेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार जास्त असतो आणि कंडिशनरमधले मुख्य घटक धन भाराचे असतात. म्हणून ते जिथे झीज जास्त तिथेच जास्त चिकटतात आणि घर्षण कमी करतात. पाण्याने धुतल्यावरही तो पातळ थर मागे राहतो.

फळीवरच्या दोन कंडिशनरच्या बाटल्या खिडकीत नेऊन वाचल्या. एक स्वस्त, दुसरी तिच्या तिप्पट किमतीची. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते; एक टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. दोन्हींवर पाण्यानंतर सेटिअरिल अल्कोहोल, मग बेहेनट्रायमोनियम क्लोराइड (हाच तो धन भाराचा घटक), मग डायमेथिकोन (एक सिलिकोन). महागड्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत मिरवलेला वनस्पतीचा अर्क सुगंधाच्याही खाली, यादीच्या शेपटीला. यापुढे स्वस्तच आणायची. सेटिअरिल अल्कोहोल नाव ऐकून बिचकायचं कारण नाही, ते मेणासारखं मऊ असतं, केस कोरडे करणारं नव्हे.

९ फेब्रुवारी

टॉवेलऐवजी जुना सुती टी-शर्ट. चोळायचं नाही, दाबून पाणी टिपायचं. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. उशीला जुन्या सॅटिनच्या अस्तराची खोळ शिवली. धातूची पट्टी असलेले रबर टाकून दिले. या आठवड्यात खर्च काहीच नाही.

२२ फेब्रुवारी

आज कात्री. पाकिटातून मोठा खर्च झाला तो हाच: केस कापायची खास कात्री. ताईने पहिल्या दिवशीच बजावलं, “हिने कागद कापलास तर बघ.” बोथट कात्री केस कापत नाही, चावते. चेचलेलं टोक महिन्याभरात पुन्हा फाटतं.

फाटलेलं टोक कुठल्याही सीरमने कायमचं जुळत नाही. सिलिकोन त्याला पुढच्या धुण्यापर्यंत चिकटवून धरतं, बस. टोक न कापता ठेवलं तर चीर वर चढत जाते आणि जास्त लांबी जाते. आणि कापल्याने केस भराभर वाढतात हेही खरं नाही; वाढ मुळाशी होते, तिला टोकाचा पत्ता नसतो.

खिडकीपाशी पाठमोरी बसले, केस पूर्ण कोरडे. माझे केस लहरी आहेत. ओले असताना लांब दिसतात आणि वाळल्यावर वर चढतात, म्हणून ओले कापले की अंदाज चुकतो. ताईने बोटाएवढी बट घेतली, दोरीसारखा पीळ दिला आणि उजेडासमोर धरली. पिळातून बारीक केस काट्यांसारखे उभे राहिले. काहींच्या टोकाला दोन फाटे, एकाला तीन, आणि एका केसावर मध्येच पांढरा ठिपका. त्या ठिपक्यापाशी केस वाकवला तर तो ब्रशच्या टोकासारखा पिंजला. तो ठिपक्याच्या वरून कापला, बाकीच्यांचं फक्त टोक. एकेक बट, दीड तास. मग खालची कड सरळ रेषेत, ३ सेंमी काढून.

सरळ रेषेवर आमचा थोडा वाद झाला. मला थर हवे होते. ताई म्हणाली, “तुझे शेंडे आधीच विरळ आहेत. थर कापले की आणखी विरळ दिसतील. एकच रेघ ठेव, दाट दिसेल.” रेघ कापल्यावर पटलं. चार बोटं जाडीचा शेंडा खरोखर दुप्पट भरीव दिसतो. शिवाय एका रेघेचा कट वाढला तरी त्याचा आकार राहतो. कपाळावरची झुलपं किंवा आखूड कट दर महिना-दीड महिन्याला सुधारावे लागतात. हात आखडता असताना कट निवडताना ‘आज कसा दिसेल’ याच्याइतकंच ‘तीन महिन्यांनी कसा दिसेल’ हे विचारावं.

८ मार्च

तेल. यावर घरात सगळ्यांची ठाम मतं आहेत, म्हणून जपून लिहिते.

खोबरेल तेलाच्या बाजूने ठोस पुरावा आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसातल्या प्रथिनांची झीज खोबरेलानेच ठळकपणे कमी झाली. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं, आणि धुताना केस पाण्याने फुगतो ते कमी होतं. म्हणजे तेल धुण्याआधी लावायचं आणि ते लांबीला लावायचं. मी तासभर आधी एक चमचा घेते, कानाच्या खालच्या भागाला.

तेलाने केस लांब होतात, गळती थांबते, असं मात्र मी लिहिणार नाही. कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच. कोंड्यामागे मॅलसेझिया नावाची बुरशी असते आणि तिचं अन्न स्निग्ध आम्लंच असतात. ताईला कोंडा आहे, तिला केटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा औषधी शाम्पू लागू पडला. पण तोही तीन ते पाच मिनिटं टाळूवर ठेवल्यावर. आधी ती लावून लगेच धुवायची, आणि बाटली वाया गेली म्हणायची.

२३ मार्च

उष्णतेशिवाय लहरी. चार रात्री खपले यावर, आणि आज जमलं.

केसाचा आकार धरून ठेवणारे मुख्यतः दोन प्रकारचे बंध असतात. गंधकाचे पक्के, ते पार्लरमधल्या रसायनांनीच तुटतात. दुसरे हायड्रोजनचे कच्चे, ते पाण्याने सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा बसतात. कुरळं करायचं यंत्र याच कच्च्या बंधांवर काम करतं. मग तेच काम वेणीने का होणार नाही?

पहिल्या रात्री केस ओलेच वेणीत घातले. सकाळी सोडले तर वेणीचा गाभा दमट, आणि दहाच्या सुमाराला सगळं सपाट. दुसऱ्या रात्री पूर्ण कोरड्या केसांची वेणी घातली, तर काहीच उमटलं नाही. बंध सुटलेच नव्हते, तर नव्याने बसणार कसे? काल डोक्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या परीक्षा घेतल्या. डावीकडे अर्धवट वाळलेले केस, उजवीकडे जवळजवळ वाळलेले, हाताला फक्त गारवा लागेल इतपत. दोन्हीकडे सैल वेण्या, टोकाला कापडाची पट्टी. सकाळी डावी बाजू दुपारपर्यंतच टिकली. उजवी आता रात्री नऊ वाजताही तशीच आहे, मोठ्या मऊ लहरी, टोकापर्यंत. सोडल्यावर कंगवा नाही, फक्त बोटं, आणि तळहाताला वाटाण्याएवढं कंडिशनर चोळून वरवर हात फिरवला.

वेणी सैलच हवी. घट्ट वेण्या आणि घट्ट अंबाडे रोज घातले तर मुळांवर ओढ बसून कपाळाच्या कडेचे केस जातात, आणि ते दीर्घकाळ चाललं तर परत येत नाहीत.

१० एप्रिल

केस गळत आहेत. तुटत नाहीत, गळत आहेत. धुतल्यावर जाळीवरचे केस पांढऱ्या कापडावर पसरून मोजले. तीनशे झाल्यावर मोजणं थांबवलं. भिंगाखाली धरले, तर बहुतेकांच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ आहे. म्हणजे मुळापासून सुटलेले. रोज पन्नास ते शंभर केस जाणं नेहमीचं असतं आणि दोन धुण्यांच्या मधले साठून एकदम दिसतात, हे माहीत आहे. तरी हे फार आहे. दिवसभर हात डोक्याकडे जातो. रात्री झोप लागली नाही.

बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची मोठी बाटली दुकानात हातात घेतली होती. पाकिटात होते तेवढे सगळे त्यात गेले असते. परत ठेवली.

१४ एप्रिल

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन आले. त्यांनी केसांची एक जुडी बोटांत धरून हलकेच ओढली, किती हातात येतात ते पाहिलं, मग विचारलं, “गेल्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप आला होता का तुम्हाला?” मी नाही म्हणणारच होते. पिशवीत ही वही होती. पानं उलटली: २८ जानेवारी, ताप, १०३ पर्यंत. खाली मीच लिहिलं होतं, “केसांचं काही नाही.”

याला टेलोजेन एफ्लुविअम म्हणतात. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा झपाट्याने घटवलेलं वजन यांचा धक्का बसला की वाढीच्या अवस्थेतले बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ती अवस्था दोन-तीन महिन्यांची. ती संपली की सगळे मिळून गळतात, म्हणून कारण आणि परिणाम यांचा संबंध कोणाला लागत नाही. मुळं शाबूत असतात. बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप थांबतं.

बायोटिनचं विचारलं. त्याची कमतरता असेल तरच उपयोग, आणि ती फारशी आढळत नाही. उलट जास्त मात्रेने रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. माझं हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला सांगितलं.

१९ एप्रिल

रिपोर्ट सगळे व्यवस्थित. औषध नाही, थांबायचं. पाकीट तपासणीत रिकामं झालं आणि मला त्याची अजिबात खंत नाही. गळती अचानक वाढली, गोल चट्टे पडले, किंवा टाळू दुखत-खाजत असेल तर तेल आणि शाम्पू बदलत बसू नये, आधी डॉक्टरकडे जावं. मुळं वाचली तर बाकी सगळं परत मिळतं.

११ मे

उद्या मुलाखत. भांगात टाळू जरा जास्त दिसते आहे. ताईने भांग मधून काढून बोटभर बाजूला घेतला. वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेला भांग सपाट बसलेला असतो. जागा बदलली की मुळं उलट्या दिशेला वळतात आणि केस उचललेले दिसतात. बदल करायला एक मिनिटही लागलं नाही, आणि फरक समोरच्याच्या लक्षात येण्याइतका.

ड्रायर ताईचा. मी आजवर समजत होते की वाऱ्यावर वाळवणं नेहमीच चांगलं. पण २०११ साली कोरियातल्या संशोधकांनी पाहिलं, तर १५ सेंमी अंतरावरून सतत हलवत वापरलेल्या ड्रायरपेक्षा आपोआप वाळू दिलेल्या केसाच्या आतल्या भागाला जास्त इजा झाली होती. केस खूप वेळ ओला राहणंही त्याला सोसत नाही. म्हणून पट्टी धरून १५ सेंमी मोजले, मधली उष्णता, हात थांबवायचा नाही. इस्त्री नाहीच. ओल्या केसाला तापलेली इस्त्री लागली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात पोकळ बुडबुडे पडतात, तिथेच तो तुटतो.

शेवटी मानेपाशी सैल अंबाडा, कानापुढे एकेक लहर मोकळी. अंबाड्याला पिना तीनच लागल्या. नागमोडी बाजू डोक्याकडे करून घातल्या की घट्ट बसतात.

८ जून

गळती उतरली. आज धुतल्यावर जाळीवर ऐंशीच्या आसपास.

कपाळाच्या कडेला आखूड केस उभे राहिले आहेत, झावळीसारखे. मला भीती वाटली की हे तुटलेले असतील. भिंग घेतलं, मागे पांढरा कागद धरला. तुटलेल्या केसाचं टोक बोथट किंवा पिंजलेलं असतं. यांची टोकं निमुळती, सुईसारखी, कधीच न कापलेली. ताईला हाक मारली. तिने भिंग हातातून काढूनच घेतलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग पट्टी लावली.

“सव्वादोन सेंटिमीटर,” ती म्हणाली, “लिही.”

शाम्पूची बाटली एकविसाव्या आठवड्यात काल संपली. पाकिटात कंडिशनरपुरते आहेत. रेघ पुन्हा ऑगस्टमध्ये कापायची, तोवर कात्री वरच्या खणात, कागदांपासून लांब.